सोप, साबण आणि सापोची टेकडी

परवा नातीने विचारले, "आजी, टीव्हीवरच्या मालिकेला डेली सोप का म्हणतात? त्यात साबण कुठे असतो?" उत्तर सोपे होते (कोटी आपोआप झाली, माफ करा). १९३०च्या दशकात अमेरिकेत रेडिओवर दुपारी गृहिणींसाठी कौटुंबिक मालिका लागत आणि त्यांचा खर्च साबणवाले उचलत. १९३३ साली सुरू झालेल्या 'मा पर्किन्स'च्या मागे ऑक्सिडॉल ही कपडे धुण्याची पावडर होती. म्हणून सोप ऑपेरा.

नात खेळायला पळाली, पण मला गेल्या दिवाळीतली भेट आठवली. माझा एक जुना विद्यार्थी, आता स्वतः शिक्षक, म्हणाला होता, "बाई, तुमची सापोची टेकडी मी अजून वर्गात सांगतो."

रोमजवळ सापो नावाची टेकडी, तिथे देवाला बळी देत, चरबी आणि राख पावसात वाहून टायबर नदीत जाई, धुणे धुणाऱ्या बायकांचे कपडे लख्ख निघत, आणि म्हणून सोप! कितीतरी वर्षे मी हे रंगवून सांगितले. मुले तल्लीन होऊन ऐकायची. मागच्या महिन्यात सवड काढून शोधले, तर एकाही प्राचीन लेखकाने अशी टेकडी सांगितलेली नाही.

खरी हकिगत निराळीच आहे. लॅटिनमध्ये 'सापो'चा सर्वात जुना उल्लेख आढळतो तो थोरल्या प्लिनीच्या ग्रंथात. हा गृहस्थ इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हिअसच्या उद्रेकात गेला. तो लिहितो, सापो ही गॉल लोकांची युक्ती. चरबी आणि राखेपासून करतात, त्यातही बकऱ्याची चरबी आणि बीच झाडाची राख उत्तम. आणि उपयोग? केस तांबूस करायला! जर्मन लोकांत तर बायकांपेक्षा पुरुषच तो जास्त वापरतात, असेही त्याने नोंदवले आहे. रोमन माणूस अंगाला तेल चोळून ते धातूच्या वाकड्या पट्टीने खरवडून काढी. म्हणजे शब्द मूळचा रोमन नव्हेच. तो उत्तरेकडच्या जर्मानिक लोकांचा, बहुधा ठिबकणे, पाझरणे या अर्थाच्या धातूवरून आलेला. इंग्रजीला तो लॅटिनकडून नव्हे, घरच्याच वारशाने मिळाला.

लॅटिनमधला सापो मात्र पुढे प्रवासाला निघाला. पोर्तुगीजांत 'साबांव' झाला, अरबीत 'साबून'. आपला साबण कुणी अरबी-फारसीतून आला म्हणतात, कुणी पोर्तुगीजांकडून. कसाही आला तरी सोप आणि साबण लांबचे भाऊबंदच.

इंग्रजांनी शब्दाला आणखी छटा दिल्या. साबणाच्या रिकाम्या खोक्यावर उभे राहून भाषण ठोकणे म्हणजे 'सोपबॉक्स'. खुशामत म्हणजे 'सॉफ्ट सोप'. ते साबण लावतात, आपण लोणी लावतो. बुळबुळीतपणा तोच.

असो. आज रात्री त्या विद्यार्थ्याला फोन करणार आहे. टेकडीची गोष्ट पुढे सांगायचीच असेल तर दंतकथा म्हणून सांग, आणि मागून प्लिनीचे तांबडे केस सांग, मुले जास्त हसतील. जे इतर विद्यार्थी हे वाचत असतील, त्यांनीही कृपया तेवढी दुरुस्ती करून घ्यावी.