गाढव मेलं, चूक कोणाची?

गाडीला गाडी घासली की रस्त्यावर पहिला प्रश्न ठरलेला: चूक कोणाची? आज कोर्टात उत्तर टक्क्यांत मिळतं. पूर्वी तसं नव्हतं.

1809 सालचा निकाल, गाव इंग्लंडमधलं डर्बी. घराच्या दुरुस्तीसाठी एकाने रस्त्यात दांडा आडवा टाकलेला. दिवेलागणीला एक घोडेस्वार भरधाव आला आणि आपटला. कोर्ट म्हणालं, बघून चालवला असतास तर टळलं असतं. भरपाई शून्य! दांडावाला साफ सुटला.

थोडी चूक तुमची, तर सगळंच गेलं. न्यायाधीशांनाही हे खटकत असावं, असा माझा अंदाज. कारण 1842 मध्ये आलं गाढव. मालकाने पुढचे पाय बांधून रस्त्यावर सोडलेलं. घोडागाडी वेगात आली, गाढव मेलं. मालक चुकलाच होता, पण गाडीवानाला टाळता आलं असतं, म्हणून भरपाई मालकाला.

मग मोटारी आल्या, आणि 'टाळायची शेवटची संधी कोणाला होती' यावर वकिलांनी भरपूर कीस पाडला. अखेर 1945 मध्ये तिथे कायदा झाला: जेवढी चूक, तेवढी कपात.

आपल्या मोटार अपघात न्यायाधिकरणांतही हेच चालतं. मृताची चूक 30 टक्के ठरली, की तेवढी रक्कम त्याच्या बायकापोरांच्या भरपाईतून वजा होते.