लुगड्याचा पॅटर्न काढायचा कसा?

मागच्या फेब्रुवारीत रात्री साडेअकराला बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. लेस्टरमध्ये तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. तिनं फोन कपाटाला टेकवून ठेवला होता आणि जमिनीवर पसरलेल्या आजीच्या लुगड्यावर ती मोजायची टेप घेऊन रांगत होती. लुगडं खोलीत मावत नव्हतं. एक टोक पलंगाखाली गेलेलं, दुसरं दाराच्या फटीतून बाहेर.

"दादा, याचा पॅटर्न कसा काढू?"

मी पुण्यात कोड लिहितो, ती इंग्लंडमध्ये फॅशन डिझाइन शिकते. आम्ही कर्जतचे. लोकल जाते ते नव्हे, नगरचं कर्जत. (नगरचं आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडातून नगरच निघतं.) आई ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. बहीण मशीनच्या पायट्याशी बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायची, तिथून ती लेस्टरला पोहोचली. मध्ये एक डिग्री, एक शैक्षणिक कर्ज आणि बऱ्याच नातेवाइकांचे सल्ले आहेत. कर्जावर सहकर्जदार म्हणून माझी सही आहे. हे पुढे कामाचं आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

तर पॅटर्न. शर्टाचा पॅटर्न म्हणजे कागदावर काढलेले त्याचे सुटे भाग: पुढचा, पाठीचा, बाही, कॉलर. त्यांच्या वर्गाला काम दिलं होतं की आपल्या घरातला एक जुना कपडा घ्या आणि त्याचा पॅटर्न काढा. मुलांनी कोट आणले, किमोनो आणला, कुणी आजोबांचा गणवेश आणला. हिनं आजीचं लुगडं नेलं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. कागदावर काय आलं? एक आयत. ना बाही, ना गळा, ना शिवण. शिक्षिकेनं तो आयत पाहून विचारलं, बाकीचं कुठे आहे? ही म्हणाली, बाकीचं आजीला येतं.

मला हे ऐकून हसू आलं. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटा इथे होता आणि प्रोग्रॅम कर्जतला राहिला होता.

गंमत अशी की हा प्रश्न इंग्रजांना दीडशे वर्षांपूर्वीही पडला होता. जॉन फोर्ब्स वॉटसन नावाचा एक डॉक्टर आधी मुंबईच्या लष्करात होता, नंतर लंडनच्या इंडिया म्युझियममध्ये गेला. त्यानं 1866 साली भारतीय कापडाच्या नमुन्यांचे 18 खंड तयार केले. त्यांत एकूण 700 नमुने. असे 20 संच केले, 13 ब्रिटनमध्ये ठेवले आणि 7 भारतात पाठवले. हेतू सरळ होता. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यानं खंड उघडायचा, हिंदुस्थानातले लोक काय नेसतात ते बोटांनी चाचपायचं आणि तसंच कापड यंत्रावर काढून आपल्यालाच विकायचं. वॉटसननं सोबत एक पुस्तकही लिहिलं. त्यात तो बजावतो की इथले बरेच कपडे मागावरून उतरतात तेव्हाच पूर्ण झालेले असतात. पागोटं, धोतर, लुगडं. काठ कुठे, पदर कुठे, लांबी किती हे विणतानाच ठरलेलं असतं, म्हणून थानं विकून भागणार नाही. हुशार माणूस. नमुने मात्र कापूनच डकवायचे होते, त्यामुळे खंडांत आली ती वस्त्रांचे तुकडे आणि त्यांची मापं. नेसणाऱ्या बाईचे हात त्यात येणं शक्यच नव्हतं.

बहिणीचे दिवस कसे जातात हे मला आधी माहीत नव्हतं. फॅशन म्हटलं की मला रॅम्प दिसायचा. प्रत्यक्षात ती सकाळी नऊपासून स्टुडिओत उभी असते. आधी सगळं स्वस्त पांढऱ्या सुती कापडात शिवायचं, चुकलं की उसवायचं, परत शिवायचं. त्या कापडाला तिकडे कॅलिको म्हणतात. हे नाव कालिकतवरून, म्हणजे केरळातल्या कोझिकोडवरून पडलं. 1721 मध्ये इंग्लंडनं छापील सुती कापड वापरण्यावर बंदी आणली होती, कारण हिंदुस्थानी कापडापुढे त्यांचे विणकर टिकेनात. आता माझी बहीण तेच नाव असलेलं कापड मीटरवर विकत घेते आणि दर मीटरला मनात रुपये मोजते. संध्याकाळी बेलग्रेव्ह रोडवर एका गुजराती बेनच्या दुकानात ब्लाऊज अल्टर करते. विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला 20 तासच काम करता येतं, ते तास ती शनिवार-रविवारीच संपवते. खोलीवर आली की खिचडी. फोडणी दिली की स्मोक अलार्म वाजतो, म्हणून थंडीतही आधी खिडकी उघडायची आणि मग मोहरी टाकायची.

आता माझा भाग.

तो आयत शिक्षिकेला दाखवल्यावर तिनं ठरवलं की नेसण्याचेच फोटो काढायचे, एकेका टप्प्याचे. शेवटच्या फोटोत ती लुगडं आजीसारखं, शेतात नेसतात तसं, गुडघ्याच्या जरा खाली घेऊन उभी होती. वर जाड जॅकेट, पायांत बूट. तिनं तो फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. दुपारी चुलतभावानं मला तो स्क्रीनशॉट पाठवला. सोबत काही लिहिलं नव्हतं, नुसता स्क्रीनशॉट. मी ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून तिला लिहिलं: "काढ तो फोटो. पोटऱ्या दिसतायत. कर्जतमध्ये लोक बघतात." आणि खाली अजून एक ओळ लिहिली, "फी याच्यासाठी भरतोय का?"

फी मी भरत नव्हतो, फक्त हप्ता माझ्या खात्यातून जात होता. तरी लिहिलं.

चार दिवस तिचा फोन नाही. पाचव्या दिवशी एक जुना फोटो आला, काळा-पांढरा. तीन बायका शेजारी शेजारी. एक किमोनोत, एक अरबी पोशाखात, एक साडीत. खाली तारीख, 10 ऑक्टोबर 1885. तिनं एवढंच विचारलं होतं, "साडीतली कशी नेसलीय, सांग."

साडीतली आनंदीबाई जोशी. किमोनोतली जपानची केई ओकामी आणि तिसरी सिरियाची सबात इस्लांबुली. तिघी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या. आनंदीबाईची गोष्ट आपल्या सगळ्यांना शाळेपासून पाठ असते, तशी मलाही होती: लहान वयात लग्न, दहा दिवसांचं मूल गेलं, डॉक्टर व्हायचा निश्चय, अमेरिका, क्षय, मृत्यू. त्या गोष्टीत कपडे कुठेच नव्हते. मीरा कोसंबींनी तिची पत्रं धुंडाळून जे लिहिलंय ते वाचायला लागलो तेव्हा कळलं की त्या तीन वर्षांत कपडे सारखे मध्ये येत होते.

मी तिला 'ती' म्हणतोय, कारण निघाली तेव्हा ती 18 वर्षांची होती. माझ्या बहिणीहून पाच वर्षांनी लहान. 24 फेब्रुवारी 1883 ला तिनं श्रीरामपूरला (आपलं नगरचं नव्हे, बंगालमधलं) जाहीर भाषण करून सांगितलं की मी अमेरिकेला का चाललेय, आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच राहीन. 7 एप्रिलला कलकत्त्याहून बोट, 4 जूनला न्यूयॉर्क. 58 दिवस. म्हणजे कपड्यांचा प्रश्न तिच्यासाठी हौसेचा नव्हता. बदलणार नाही असा शब्द सगळ्यांसमोर देऊन ती निघाली होती, आणि तो शब्द पाळला की मोडला हे बघणाऱ्याला सगळ्यात आधी साडीवरूनच कळणार होतं.

आणि ती गेली कुठे? त्या काळच्या अमेरिकेत बायका कॉर्सेटनं कंबर आवळून घ्यायच्या आणि मागे घागरा फुगवायला बसल नावाचा सांगाडा बांधायच्या. (हे मला बहिणीनं नंतर चित्र काढून समजावलं. आपल्याकडे उंटावर खोगीर घालतात तसं काहीतरी दिसतं.) तिथल्याच काही बायका, डॉक्टर बायकाही, या आवळण्याविरुद्ध बोलत होत्या. त्यांत ही नऊवारीत. आत परकर नाही, पोटऱ्या उघड्या, आणि बाहेर बर्फ. कॉलेजजवळ तिला जी खोली मिळाली तिची शेकोटी धड नव्हती. पेटवली की खोलीभर धूर, नाही पेटवली तर गारठा. मी हे वाचलं तेव्हा मला खिडकी उघडून मोहरी टाकणारी बहीण आठवली.

तिनं मार्ग काढला. गाऊन नाही घातला. साडीच ठेवली, पण गुजराती पद्धतीनं, आत परकर घालून, पाय झाकतील अशी नेसायला लागली. आज आपल्याला यात काहीच वाटणार नाही. पण हे तिला नवऱ्याला कळवावं लागलं. आणि ते पोहोचायला आठवडे, उत्तर यायला पुन्हा आठवडे. गोपाळरावांनीच तिला शिकवलं, त्यांनीच अमेरिकेला धाडलं, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. आणि त्यांच्याच पत्रांतून संशय आणि टोमणे येत राहिले की तू बदलणार, बिघडणार. तिनंही एका पत्रात त्यांना लहानपणीच्या मारहाणीची आठवण करून दिली. ती नुसती सोसत नव्हती, उत्तरं देत होती.

मी गोपाळरावांना नेहमी विक्षिप्त पण मोठा माणूस समजत आलो. या वेळी वाचताना मला त्यांची वाक्यरचना ओळखीची वाटली. मी तुला पाठवलं, तेव्हा तू कशी दिसायचीस हे मी सांगणार. माझ्याकडे ते दोन ओळींत होतं, एवढाच फरक. आणि निळ्या टिका यायला दोन सेकंद लागले.

हा आनंदीबाईचा एकटीचा प्रश्न नव्हता. तिच्या आधी जवळजवळ वीस वर्षं ज्ञानदानंदिनी देवी, म्हणजे रवींद्रनाथ टागोरांची वहिनी, नवऱ्याच्या नोकरीमुळे मुंबई इलाख्यात आली. बंगाली बायकांची साडी तेव्हा घराबाहेर पडण्यासारखी नव्हती, म्हणून निघताना कलकत्त्याच्या एका फ्रेंच दुकानातून तिच्यासाठी एक 'ओरिएंटल' पोशाख शिवून घेतला होता. तो तिला एकटीला घालताही येईना. इथे तिनं पारशी आणि गुजराती बायका पाहिल्या. परकर, ब्लाऊज, वर साडी. त्यात थोडा बदल करून तिनं ती पद्धत बंगालात नेली आणि शिकायला या म्हणून मासिकात चक्क जाहिरात दिली. आज आपण जिला 'भारतीय साडी' म्हणतो ती अशी प्रवासात, अडचणीत, दुसऱ्या बायकांकडे बघून जमवलेली आहे. अशा बदललेल्या नेसणीत आनंदीबाई जपान-सिरियाच्या मैत्रिणींशेजारी बसली, आणि तो तिचा राष्ट्रीय पोशाख ठरला.

11 मार्च 1886 ला ती पदवीधर झाली. समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. कोल्हापूरच्या हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची नोकरी ठरली होती. ती रुजू झालीच नाही. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेली, बावीस पूर्ण व्हायच्या आत. तिची रक्षा अमेरिकेतल्या कार्पेंटर मावशींकडे पाठवली गेली आणि त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत, पकिप्सीला ठेवली गेली.

मी बहिणीला फोन केला. माफी मागायची सवय नसलेल्या माणसासारखा आधी बेलग्रेव्ह रोडची चौकशी केली. ती म्हणाली, बेनचे सासरे 1972 साली युगांडातून आले. इदी अमीननं हाकललं तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेनं तिकडच्या पेपरात जाहिरात दिली होती की आमच्या गावात येऊ नका. लोक तरी आले आणि त्या रस्त्यावर साड्यांची दुकानं लागली. "आणि मी आता तिथे बसून पाचवारीच्या ब्लाऊजांना हुक लावते," ती म्हणाली. "आनंदीबाई गुजराती नेसायला लागली, मी गुजरातणीकडे काम करून नऊवारी शिकतेय. बरोबर उलटं."

"फोटो राहू दे," मी म्हणालो.

"तो मी काढलाच नव्हता. तुला फक्त हाइड केलं होतं."

गुढीपाडव्याला मी कर्जतला गेलो. आजी ओसरीत गहू निवडत होती. मला वाटलं, आधी आईला दाखवावा, मग आजीला. पण धाकटीचा फोटो आहे म्हटल्यावर तिनं फोन ओढूनच घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती अख्खं आयुष्य याच नेसणीत राशीनच्या जत्रेला गेलीय, ज्वारी काढायला वाकलीय, दुष्काळात खडी फोडायला गेलीय. पोटऱ्या ही तिच्यासाठी बघायची गोष्टच नव्हती.

"कासोटा ढिला खवलाय," ती म्हणाली. "दोन पावलं चालली की सुटंल. लाव तिला फोन."

तिकडे सकाळ होती. बहीण झोपेतून उठून लुगडं घेऊन उभी राहिली. आजीनं गव्हाचं ताट बाजूला सरकवलं, स्वतः उठली आणि कॅमेऱ्यासमोर पाठ करून कंबरेशी हात नेला. "अशी गाठ मार. आता निऱ्या. अगं एवढ्या नको, चालायचंय ना तुला." बहीण वहीत बाण काढत होती, आकडे टाकत होती. मी फोन धरून उभा होतो आणि फोन बहुधा आजीच्या तोंडावरच धरला होता, कारण दोघी एकदमच ओरडल्या.

"खाली धर की रं, तिला पाय दिसू दे माझं."