नहपानाच्या नाण्यावरची ग्रीक अक्षरे

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठण येते ते भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवरचे गाव म्हणून, अकीकाच्या जातीचे दगड तिथून गाड्यांत भरून बंदरात येत. भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर या राजांच्या ग्रीक अक्षरांच्या जुन्या द्राख्मा अजून चालतात, असेही तो नोंदवतो. मिनँडर म्हणजे आपला मिलिंद. छत्रपती संभाजीनगरचे मिलिंद महाविद्यालय ज्याच्या नावाने उभे आहे तोच. तो जाऊन तेव्हा दोनेक शतके झाली होती. राज्य बुडाले तरी नाणे चालत होते, कारण व्यापारी राजा नव्हे, ओळखीचे रूप पाहून चांदी घेत होता. दख्खनमधल्या चांदीच्या नाण्यावरचा ग्रीक ठसा मला याच सवयीचा वाटतो. ग्रीक संस्कृतीच्या ओढीशी त्याचा संबंध थोडा.

शक क्षत्रप नहपानाचे नाणे पाहा. वजन सव्वादोन ग्रॅमच्या आसपास, एका बाजूला राजाचा चेहरा, दुसरीकडे बाण आणि वज्र. लेख ब्राह्मी, खरोष्ठी आणि ग्रीक अशा तीन लिप्यांत. पण ग्रीक अक्षरांत लिहिलेली भाषा ग्रीक नाहीच, प्राकृत आहे. पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर तर या अक्षरांच्या निरर्थक रेघा झाल्या, तरी त्या काढून टाकाव्यात असे कुणाला वाटले नाही. वाचण्यासाठी असती तर ती अशी टिकली नसती.

ही परक्या शकांची हौस, सातवाहनांचा व्यवहार शिसे, तांबे आणि पोटिन या मिश्रधातूवर चाले, असा आक्षेप येईल. रोजच्या बाजारापुरता तो खराही आहे. पण १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला नहपानाची तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली, आणि त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. नाशिकच्या लेणीतला लेख त्याला नहपानाच्या क्षहरात वंशाचा उच्छेद करणारा म्हणतो. एवढे वैर असून त्याने ती चांदी वितळवली नाही. काटकसर म्हणावी, की विजयाची दवंडी? दोन्ही असेल. मात्र तेवढ्याने पुढची गोष्ट उलगडत नाही: स्वतःची नवी चांदी पाडताना सातवाहनांनी जवळपास तेच वजन घेतले आणि त्यावर राजाचा चेहरा कोरला. पुळुमावी आणि यज्ञश्री सातकर्णी यांनीही हीच रीत चालवली. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्याच्या स्तूपात यज्ञश्रीचे असे एक नाणे मिळाले. या नाण्यांच्या एका बाजूला प्राकृत आहे, दुसरीकडे दक्षिणेकडची द्राविडी बोली, आणि लिपी दोन्हीकडे ब्राह्मी. ग्रीक अक्षरे तेवढी गळाली.