गांजा, बाप आणि मूल : एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

गर्भ टिकला नाहीं किंवा मूल अशक्त निपजलें, कीं आपल्या समाजांत पहिली चौकशी होते ती आईची. तिनें काय खाल्लें, कोठें प्रवास केला, काय जड उचललें, येथपर्यंत विचारपूस चालते. बाप काय ओढीत होता, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. आणि तरीही हा प्रश्न हिंदुस्थानांत एकदां अगदीं सरकारी रीतीनें, छापील स्वरूपांत विचारला गेला होता. त्या गोष्टीस आतां सव्वाशेंहून अधिक वर्षें झालीं.

ब्रिटिश पार्लमेंटांत १८९३ च्या मार्चमध्यें गांजा-भांगेविषयीं चर्चा निघाली, आणि त्याच वर्षीं जुलैंत हिंदुस्थान सरकारनें एक कमिशन नेमलें. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष. सात सभासदांपैकीं तिघे एतद्देशीय होते. कमिशननें प्रांतोप्रांतीं फिरून १,१९३ साक्षी नोंदविल्या. साक्षीदारांपुढें सत्तर प्रश्नांची यादी ठेवलेली असे. त्यांतील सत्तेचाळिसावा प्रश्न असा, कीं हें व्यसन पिढीजात उतरतें काय, आणि तें करणाराच्या मुलांवर त्याचा कांहीं परिणाम दिसतो काय.

मुंबई इलाख्यांत गांजाचें मुख्य पीक त्या काळीं अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत निघे. अंबरनाथ व बदलापूर हीं तेव्हां कल्याण तालुक्यांतील लहान गांवें होतीं. त्यांच्या शिवारांतून १८५६ सालींच आगगाडी गेली होती. अंबरनाथचें शिलाहारकालीन शिवालय शके ९८२ मधलें असून तेथें महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. शंकराचा प्रसाद म्हणून भांग घेण्याच्या रूढीचाही कमिशननें विचार केला होता. उल्हासनगर तर तेव्हां जन्मासही आलें नव्हतें. सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतीस हें नांव ८ ऑगस्ट १९४९ रोजीं मिळालें. परंतु १९३६ पर्यंत सिंधही मुंबई इलाख्यांतच होता. म्हणजे आज लोकलच्या एकाच मार्गावर शेजारीं राहणाऱ्या या दोन्ही लोकसमूहांचे मूळ प्रदेश त्या एकाच चौकशींत आले होते.

कमिशननें १८९४ मध्यें निकाल दिला, कीं बेताच्या सेवनापासून बहुधा अपाय नाहीं, अतिरेक मात्र घातक आहे, आणि संपूर्ण बंदीची जरुरी नाहीं. हा निकाल विचारपूर्वक दिलेला होता. पण मुलांविषयींच्या प्रश्नाला साक्षीदार उत्तर देणार कशाच्या आधारें? कलेक्टर, डॉक्टर, वैद्य, जमीनदार हे डोळ्यांना दिसलें तेंच सांगत. गांजांतील मादक द्रव्याची रचनाही तेव्हां कोणास ठाऊक नव्हती. प्रश्न योग्य होता. त्याचें उत्तर शोधण्याचीं साधनें नव्हतीं.

तीं हळूहळू आलीं. इस्रायलमधील राफाएल मेशुलम व येहिएल गावनी यांनीं १९६४ मध्यें त्या द्रव्याची रचना उलगडली. तें द्रव्य मेंदूंतील ज्या स्थानांवर काम करतें, तशींच स्थानें पुढें शुक्रजंतूंवरही आढळलीं. डेन्मार्कमधील १,२१५ तरुणांच्या तपासणींत, आठवड्यांतून एकाहून अधिक वेळां गांजा ओढणाऱ्यांच्या शुक्रजंतूंचें प्रमाण २८ टक्क्यांनीं कमी भरलें. हें २०१५ मध्यें प्रसिद्ध झालें. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठानें २०१८ मध्यें आणखी एक गोष्ट दाखविली. कोणतें जनुक जागें राहावें व कोणतें निजावें हें ठरविणाऱ्या ज्या रासायनिक खुणा शुक्रजंतूंत असतात, त्या गांजा ओढणाऱ्यांत बदललेल्या दिसल्या. तपासलेले पुरुष अवघे चोवीस होते, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे.

प्रत्यक्ष बालकांविषयीं पुरावा थोडा, पण दुर्लक्ष करण्याजोगा नाहीं. कॅलिफोर्नियांतील २००१ सालच्या एका अभ्यासांत, झोपेंत अचानक दगावणाऱ्या तान्ह्या मुलांचा संबंध आईच्या नव्हे, तर बापाच्या गांजाशीं आढळला. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१९ मध्यें मांडलेल्या निष्कर्षांत, आठवड्यांतून एकदां किंवा अधिक वेळां गांजा घेणाऱ्या पुरुषांच्या जोडीदारांत गर्भपाताचें प्रमाण सुमारें दुप्पट होतें. यावरून गांजा हेंच कारण, असें सिद्ध होत नाहीं. आपल्याकडील चिलमींत गांजाबरोबर तंबाखूही जळते, आणि तंबाखूचे दोष निराळे मोजणें कठीण असतें. म्हणून संबंध दिसला एवढेंच म्हणावें. शाप लागला असें म्हणूं नये.

१९८५ च्या कायद्यानें गांजा बाळगणें व ओढणें हा देशभर गुन्हा ठरला. कायदा पोलिसांचें काम सांगतो. घरानें काय करावें तें शरीरशास्त्र सांगतें. पुरुषाच्या देहांत शुक्रजंतु तयार होण्यास सुमारें अडीच ते तीन महिने लागतात. ड्यूक येथील संशोधकांनींच २०२१ मध्यें दाखविलें, कीं ७७ दिवस गांजा सोडल्यावर त्या बदललेल्या खुणांपैकीं बऱ्याच ओसरतात. म्हणजे बापाचें पथ्य मूल पोटीं येण्यापूर्वीं निदान तीन महिने सुरू झालें पाहिजे, आणि मूल जन्मल्यावर घरांत धूर नको म्हणून पुढेंही चाललें पाहिजे.

डोहाळे आईचे असतात, म्हणून पथ्यही तिचेंच, ही समजूत फार जुनी आहे. कल्याणपासून बदलापुरापर्यंतच्या कोणत्याही घरीं गर्भ गळला, तर सुनेला दूषण देण्यापूर्वीं कमिशनचा तो सत्तेचाळिसावा प्रश्न घरांतील वडीलधाऱ्यांनीं एकदां मुलालाही विचारावा. त्याचें उत्तर १८९४ मध्यें मिळालें नाहीं. आज तें निदान अर्धें तरी हातीं आलें आहे.