कोतवाल बुकातला माझा बाप

माझ्या आज्याला अक्षर येत नव्हते. तरीही आमच्या गावात कोण केव्हा जन्मले आणि कोण केव्हा मेले, हे सरकारला कळत होते ते त्याच्यामुळे. आलापल्लीच्या जंगलातल्या एका लहान गावाचा तो कोतवाल होता. आजचा अहेरी तालुका तेव्हा नव्हता. हा सारा मुलूख चांदा जिल्ह्याच्या सिरोंचा तहसिलीत आणि अहेरीच्या जमीनदारीत होता. मध्य प्रांताच्या मराठी मुलखात कोतवालकी बहुतेक ठिकाणी महारांच्याच माथी असे. दवंडी द्यायची, साहेब शिकारीला आला की त्याचे ओझे वाहायचे, मेलेले ढोर ओढायचे, आणि गावातले जन्ममृत्यू ठाण्यावर जाऊन सांगायचे. तिथला मुन्शी ते पुस्तकात उतरवून घेई. हेच ते ‘कोतवाल बुक’. जातीच्या दाखल्यासाठी विदर्भातली कितीतरी पोरे आज ज्याच्या नकलेकरिता तहसिलीत खेटे घालतात, ते पुस्तक.

आजा ठाण्याच्या अंगणात उभा राहून नावे सांगे. पडवीत चढायची मुभा नव्हती. बाप सांगायचा, जाताना वाटभर तो नावे घोकत चाले. अमक्या गोंडाची पोर, तमक्याची म्हातारी, वार कोणता, रोग कोणता. एक नाव चुकले तर कुणाचे लेकरू कुणाच्या नावावर चढेल, याची त्याला धास्ती. १९२९ साली माझा बाप जन्मला, तेव्हा ती खबरही आज्यानेच नेली.

पुढे या बापलेकांचे जमले नाही. बाप लाकडाच्या डेपोत कामाला लागला. तोडलेल्या सागावर हातोड्याने शिक्का मारायचा, नंबर घालायचा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला आणि १६ ऑक्टोबरला चांद्याला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. बाप चांद्याच्या दीक्षेला होता. परत आला तो भांडायलाच. ही कोतवालकी म्हणजे गुलामी, आजच्या आज काठी टाका, असे त्याचे म्हणणे. आज्याने त्याच आठवड्यात ढोर ओढणे बंद केले. पण ठाण्याची फेरी सोडली नाही. म्हणाला, “ढोर ओढनं सोडलं बाबू, पर खबर देनं नाही सोडत. मी नाही गेलो त मानूस जन्मलाच नाही असं होते.”

बापाला हा भेकडपणा वाटला. मलाही कितीतरी वर्षे तसाच वाटला. शिबिरांतून मी आज्याचे उदाहरण द्यायचो ते गुलामी मनात कशी मुरते हे दाखवायला. आपल्या चळवळीच्या इतिहासात सभा आहेत, परिषदा आहेत, पुढारी आहेत, आणि ते असलेच पाहिजेत. अंगणात उभ्या असलेल्या कोतवालाचे काय करायचे, हे मात्र आपल्याला नीट ठरवता आलेले नाही.

मग वनहक्क कायदा आला. कायदा २००६ चा, नियम १ जानेवारी २००८ चे. आदिवासींनी १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवायचा. आमच्यासारख्या ‘इतर पारंपरिक वननिवासीं’नी मात्र त्याआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, जंगलात राहिल्याचे दाखवायचे. आदिवासींना मिळाले याचे दुःख नाही. त्यांचे तर सारे जंगलच गेले होते. पण ज्यांना पडवीत चढू दिले नाही, त्यांच्याकडे १९३० चा कागद मागायचा, हा कुठला न्याय? आज्याने काढलेल्या तीन एकर धानाच्या तुकड्याचा ना सातबारा होता ना पावती.

सापडली ती एकच नोंद. १९२९, मुलगा, बापाचे नाव, जात महार. आज्याच्या तोंडून मुन्शीच्या बोरूत उतरलेली. नक्कल हाती आली तेव्हा बाप ऐंशीचा होता. त्याने कागद डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “बुढा बराबर होता.” एवढेच. काठीवरून झालेल्या भांडणाबद्दल तो त्याआधी किंवा त्यानंतर कधीच बोलला नाही.

जन्म गावातला हे ठरले; शेत कसत होते हे कशावरून, असा पुढचा प्रश्न आला. नियमांत गावच्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. शेजारची एक गोंड म्हातारी उभी राहिली. तिने आज्याची बांधी सांगितली, विहीर सांगितली. तिचे वय कशावरून, असे विचारल्यावर ती हसली. तिच्याही जन्माची खबर माझ्या आज्यानेच नेली होती.

दाव्याचा निकाल आजवर आलेला नाही. २०१४ साली आलापल्लीच्या वनवैभवातल्या जुन्या सागांना जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. २०२३ साली चंद्रपूर-गडचिरोलीचा साग बल्लारपूरहून मिरवत अयोध्येला गेला. लाकडाची वंशावळ कुणी विचारली नाही. तिच्यावर शिक्का असतो.

बाप वनवैभवाला दर्जा मिळाला त्याच वर्षी गेला. त्याच्या मृत्यूची नोंद करायला मी ग्रामपंचायतीत गेलो. छापील नमुन्यात ‘खबर देणाऱ्याचे नाव’ असा एक रकाना होता. खुर्चीवर बसून मी त्यात माझे नाव लिहिले.