माळवद: गारवा आणि ओझं

आता ताडकळसच्या बाजूला येऊ. परभणी जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्यावर आपल्या लोकांनी काढलेला तोडगा म्हणजे माळवद. लाकडी तुळया, वर फळ्या, पाला आणि पांढऱ्या मातीचा जाड थर. मृगाआधी घरचीच माणसं नवी माती चढवायची, भेगा बुजवायची. जुनी माती बहुधा तशीच राहायची. गारवा टिकला, पण ओझं वाढत गेलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भागात तेच ओझं, दगडमातीच्या भिंतींसकट, झोपलेल्यांवर कोसळलं. हजारो माणसं गेली. पुढे अनेकांनी माळवद उतरवून पत्रे घातले. भीती कमी झाली, ऊन मात्र घरात आलं. म्हणून आज छपराला गारव्याचा थर देताना आपण आधी विचारू या: वजन किती, आणि भिंत ते पेलेल का?