मुंबईतील घरखरेदीची पूर्वतयारी : ओळखीपासून दस्तऐवजापर्यंत

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईतील बहुसंख्य कामगार आणि मध्यमवर्गीय कुटुंबे भाड्याच्या जागेत राहत असत, आणि अशी जागा मिळवण्यासाठी कागदपत्रांपेक्षा ओळखीपाळखीच अधिक उपयोगी पडत. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवल्यावर रिकाम्या खोल्या दुर्मीळ झाल्या आणि ‘पागडी’, म्हणजे भाडेकरूचा हक्क मिळवण्यासाठी घरमालकाला किंवा आधीच्या भाडेकरूला द्यावी लागणारी एकरकमी रक्कम, हाच घराचा खरा भाव ठरू लागला. हा व्यवहार तेव्हा बेकायदा असल्यामुळे त्याची पावती मिळत नसे. साहजिकच पुंजी मोडून दिलेल्या पैशाला समोरच्याच्या शब्दाखेरीज आधार नसे. पागडीला कायदेशीर मान्यता मिळाली ती १९९९च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने.

दुसरा मार्ग सहकाराचा होता. गावदेवी येथे १९१५ साली स्थापन झालेल्या सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेत जमीन व इमारत संस्थेच्या मालकीची आणि राहण्याचा हक्क सभासदाचा, अशी रचना होती. येथे परस्परांवरील विश्वासाला उपविधींची, म्हणजे संस्थेच्या लेखी नियमांची, जोड मिळाली.

स्वातंत्र्यानंतर बांधकाम व्यावसायिक मालकी हक्काचे फ्लॅट विकू लागले, तेव्हा आगाऊ रक्कम घेऊन ताबा लांबवणे आणि जमिनीचे दोष लपवणे असे प्रकार वाढले. त्यांना आळा घालणाऱ्या १९६३च्या महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्याने किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतची आगाऊ रक्कम स्वीकारण्यापूर्वीच लेखी करार करून त्याची नोंदणी करणे बंधनकारक केले. १९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी स्थापन केलेल्या एचडीएफसीमुळे पगारदारांना दीर्घ मुदतीचे गृहकर्ज मिळू लागले आणि कर्ज देणाऱ्यांकडून होणारी मालकी हक्काची छाननी ग्राहकाच्याही तयारीचा भाग बनली. २०१६च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे ‘रेरा’ने, करारापूर्वी घेता येणाऱ्या रकमेवर १० टक्क्यांची मर्यादा घातली, ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवण्याची सक्ती केली आणि प्रकल्पाची माहिती सर्वांना पाहता येईल अशी केली.

या वाटचालीत ग्राहकाला प्रश्न विचारण्याचा अधिकार टप्प्याटप्प्याने मिळाला, ही तिची सर्वांत मोलाची फलश्रुती होय. मात्र तो बजावला तरच त्याला अर्थ आहे. अनेक जुन्या संस्थांच्या नावे आजही जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे मालकीचे विधिवत हस्तांतरण, झालेले नाही, आणि त्यासाठीच २००८ साली १९६३च्या कायद्यात ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची, म्हणजे विकासकाने टाळाटाळ केल्यास सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत ते करून घेण्याची, तरतूद करावी लागली. म्हणून जुन्या इमारतीतील फ्लॅट घेणाऱ्याने खोल्यांची मोजदाद करण्याआधी मालमत्ता पत्रकावर जमीन कोणाच्या नावे आहे ते पाहावे. पुढे इमारतीचा पुनर्विकास होईल तेव्हा संस्थेचा शब्द किती चालेल, हे बऱ्याच अंशी त्या नोंदीवरच ठरते.